शिळ्या पाण्याचा रिपोर्ट

बीकर खिडकीच्या उजेडात डोळ्यांसमोर धरायचा, मनगटातून हलकेच गोल फिरवायचा आणि आतल्या पाण्याला विचारायचं, "काय पोरींनो, हलताय न्हवं?" मॅडमचा दिवस असा सुरू व्हायचा. नवीन माणसाला वाटायचं, बाईंचं डोकं फिरलंय, कारण बीकरमध्ये काही दिसायचंच नाही. जरा वेळ टक लावून बघितलं की मग मोहरीहून लहान, फिकट ठिपके पाण्यात उड्या मारताना दिसायचे. त्या पाणपिसवा. मॅडमच्या पोरी.

आमची लॅब कोल्हापुरात, हायवेच्या कडेला. कंपन्या आपलं रसायन आमच्याकडं पाठवत आणि ते ओढ्याविहिरीत गेलं तर तिथल्या जिवांचं काय होईल, हे आम्ही तपासून देत असू. मी यंत्रावर बसायचो. पाण्यात रसायन किती आहे ते मोजायचं, एवढं माझं काम. ते जिवाला काय करतं हे बघणं मॅडमचं. आमच्या खोल्यांमध्ये काचेची भिंत होती, पण मॅडमचा आवाज असा की भिंत असून नसल्यासारखी.

मॅडम हातकणंगल्याच्या. एवढं शिकून, मोठमोठ्या लोकांसमोर इंग्रजीत भाषणं करूनही घरचं बोलणं त्यांनी सोडलं नव्हतं. "मी येतो", "मी बघतो की", आमच्याकडच्या बायका बोलतात तसं. पुण्याहून तपासणीला आलेल्या एका गृहस्थांनी एकदा हसत विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतःला पुरुष समजता की काय?"

मॅडमनी बरणी पुढं केली. "पावणं, ह्यात सगळ्या बायकाच हायत. पाणी चांगलं असलं, खायला असलं, तर ह्यांना पोरीच होत्यात. नराची गरजच न्हाय. पाणी बिघडलं, दाटी झाली, उपास घडला, की मग नर जन्माला येत्यात. म्हंजे कसं, वाईट दिवस आलं की पुरुष."



चाचणी सांगायला सोपी आहे. नुकत्याच जन्मलेल्या पिसवा काचेच्या नळीनं अलगद उचलायच्या आणि ओळीनं मांडलेल्या बीकरमध्ये सोडायच्या. पहिल्या बीकरमध्ये नुसतं पाणी. पुढच्यांत ते रसायन, चढत्या प्रमाणात. दोन दिवस ठेवायचं. मग एकेक बीकर हलवून बघायचा, कोण पोहतंय आणि कोण तळाशी पडलंय. पडलेली मेलीच असेल असं नाही, म्हणून रिपोर्टात शब्द असतो 'अचल'. मॅडमना तो शब्द आवडायचा नाही. "अचल म्हंजे हिमालय. ह्या बिचाऱ्या थांबल्या," असं म्हणायच्या. पण लिहायच्या अचलच.

नुसत्या पाण्यातल्या पिसवाच मरायला लागल्या, तर सगळी चाचणी फुकट. मग दोष रसायनाचा की आपला, हे सांगता येत नाही. एकदा तसं झालं. चाचणी मोठ्या कंपनीची, आमच्या साहेबांनी, म्हणजे लॅबच्या मालकांनी, तारीख दिलेली. मॅडमनी कंपनीला स्वतः फोन केला, "चूक आमची हाय. परत करतो," म्हणाल्या आणि मग आठवडाभर लॅब डोक्यावर घेतली. पाणी तपासलं, हवा तपासली, माझं यंत्र तपासलं, मला तपासलं. शेवटी सापडलं काय, तर भांडी घासायला आणलेला नवा साबण. वास चांगला म्हणून कुणीतरी बदललेला. मॅडमनी त्या साबणाची वडी नोटीस बोर्डवर टाचणीला दोरा बांधून लटकवली आणि खाली लिहिलं, 'खुनी'.

त्या दिवसांत साहेब, पाहुणे आले की त्यांना आधी मॅडमच्या खोलीत न्यायचे. "ह्यांची सही म्हणजे दगडावरची रेघ," असं सांगायचे. मॅडम पाहुण्यांकडं न बघता म्हणायच्या, "दार हळू लावा. पोरी दचकत्यात."

त्यांच्या घरी धाकटा भाऊ, भावजय आणि भावाची दोन मुलं. आई लवकर गेली, म्हणून भावाला मॅडमनीच वाढवलेला. लग्न त्यांनी केलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायच्या, "पाणी चांगलं होतं, गरज पडली न्हाय." भावाचं हातकणंगल्यातच खताबियाण्यांचं दुकान. तो त्यांना अक्का म्हणायचा. लॅबमध्ये त्याचा फोन आला की मॅडमचा आवाज एकदम खाली यायचा. काचेपलीकडून मला तेवढंच बोलणं ऐकू येत नसे.

मग ते औषध आलं.

विहिरीतलं, शेततळ्यातलं शेवाळ काढायचं पातळ औषध. रंग हिरवट, वास नाही. कंपनी नवी होती, पण तिच्याकडून पुढं बरंच काम मिळायची आशा होती. मॅडमनी नेहमीसारखी चाचणी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काचेवर टकटक करून मला आत बोलवायला लागल्या. नुसत्या पाण्यात पोरी उड्या मारत होत्या. बाकी सगळ्या बीकरमध्ये पाणी स्तब्ध. जेवढं औषध विहिरीत टाका असं बाटलीवर छापायचं होतं, त्याहून कितीतरी कमी असलेल्या बीकरमध्येसुद्धा.

"तुमचं यंत्र काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

"जेवढं तुम्ही घातलंत तेवढंच आहे," मी म्हणालो. "मोजण्यात चूक नाही."

त्यांनी चाचणी पुन्हा लावली. नवं पाणी, नव्या पिसवा. पुन्हा तेच झालं.

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. ते चिडले नव्हते. चहा मागवला होता. म्हणाले, "मॅडम, पिसवाच त्या. माणूस मेलाय का कोण?"

"माणूस मरायच्या आधी कळावं म्हणून तर पिसवा, साहेब."

"कंपनीचं म्हणणं बघा तरी. औषध टाकल्यावर थोडे दिवस पाणी वापरू नका, असं ते सांगणारच आहेत. त्या दिवसांत औषध आपोआप विरतं. मग तेवढे दिवस ठेवलेलं पाणी घ्या आणि त्यात चाचणी करा. यात खोटं काय आहे?"

मॅडमनी विचार केला. खरंच केला, मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. म्हणाल्या, "खोटं काय न्हाय. करतो. पण ताज्या पाण्याचा आणि शिळ्या पाण्याचा, दोन्ही निकाल एका रिपोर्टात छापायचं. दोन्ही छापा, मी आत्ता सही करतो."

"पहिली ती नुसती प्राथमिक चाचणी होती."

"कधीपास्नं?"

साहेब हसले. "आजपासून."

शिळ्या पाण्यात पिसवा मजेत पोहल्या. रिपोर्ट तयार झाला. त्यात लिहिलं होतं, की दिलेल्या अटींनुसार ठेवलेल्या पाण्यात कोणताही दुष्परिणाम आढळला नाही. मॅडमनी तो माझ्या टेबलावर आणून टाकला. "वाचा. एक तरी वाक्य खोटं काढून दाखवा."

मी वाचला. एकही सापडलं नाही. तसं सांगितलं.

"न्हाय ना? मलाबी सापडलं न्हाय. आणि तरी हे सगळं खोटं हाय."

त्यांनी सही केली नाही. मी साहेबांना जाऊन सांगितलं, की मॅडम बरोबर आहेत, माझे आकडे त्यांच्या बाजूचे आहेत. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या कागदावर माझी सही लागणारच नव्हती, त्यामुळं माझ्या मताला तसा काही धोका नव्हता. महिन्याभरात कागदोपत्री मॅडमच्या खात्याला नवा प्रमुख मिळाला. चांगला हुशार, अंगावर संसार आणि घराचं कर्ज असलेला माणूस. त्यानं सही केली. त्याच्याबद्दल मॅडम कधी वाईट बोलल्या नाहीत. मी बोलायला लागलो, तर म्हणाल्या, "त्याचं कर्ज कोण फेडणार? तुमी?"

मॅडमना पुढच्या दारी, नमुने घ्यायच्या खिडकीत बसवलं. कुणी विहिरीचं पाणी आणतं, कुणी कारखान्याचं सांडपाणी. ते घ्यायचं, चिठ्ठी चिकटवायची, आत पाठवायचं. साहेबांची कल्पना अशी होती, की आठ-पंधरा दिवसांत बाई राजीनामा देतील. मॅडम रोज वेळेवर येऊन खिडकीत बसत राहिल्या.

तुम्हीही नोकरी केली असेल तर पुढचं तुम्हाला सांगायला नको. डब्याच्या वेळी त्यांच्या टेबलावरची माणसं कमी होत गेली. भांडण कुणाशीच नव्हतं. कुणाला घाई असायची, कुणाचा उपास असायचा. शेवटी आम्ही दोघंच उरलो. मॅडम डब्यातला भडंग माझ्यापुढं सरकवायच्या आणि म्हणायच्या, "खावा. नमुना ताजा हाय."

त्यांनी वरच्या सरकारी कार्यालयात तक्रारही करून बघितली. बऱ्याच काळानं एक अधिकारी आले, दिवसभर बसले. रिपोर्टात त्यांना दोष दिसला नाही, दिसायला नव्हताच. जाताना त्यांनी लॅबला एकच शेरा दिला. फार मागं एकदा रात्रभर वीज गेली होती आणि पिसवांच्या खोलीतली उष्णता ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली होती. तसं प्रामाणिकपणे कुणी लिहून ठेवलं होतं? मॅडमनी. शेरा त्यांच्याच नावावर पडला. ते ऐकून मॅडम इतक्या मोठ्यांदा हसल्या, की आतल्या खोल्यांतून माणसं दारात आली. मग त्या पाणी प्यायला गेल्या आणि बराच वेळ परत आल्या नाहीत.

औषध बाजारात आलं. बाटलीवर हिरवं पान, खाली ओळ: 'पाण्यातील जीवसृष्टीस निर्धोक. प्रयोगशाळेत सिद्ध.' अटीतलं ठेवलेलं पाणी त्या ओळीत कुठं नव्हतं. पाणी इतके दिवस वापरू नका, ही सूचना बाटलीच्या मागं होती, भिंगातून वाचावी अशा अक्षरांत.

एका सकाळी मॅडम खिडकीत आल्या त्या चेहरा उतरलेला घेऊनच. डब्याच्या वेळी त्यांनी सांगितलं. आदल्या संध्याकाळी त्या भावाच्या दुकानात गेल्या होत्या. समोरच्याच फळीवर त्या बाटल्यांची रांग. भाऊ एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "डोळं झाकून न्या. आमच्या अक्काच्या लॅबचा रिपोर्ट हाय. तिथं चूक व्हायची न्हाय."

गिऱ्हाईक गेल्यावर मॅडमनी त्याला सगळं सांगितलं. भावाला आधी खरं वाटेना. मग म्हणाला, "अक्का, तू म्हणतीस तर असंल. पण तसा कागद दे की. मी कंपनीच्या माणसाच्या तोंडावर मारतो."

"कागद कंपनीच्या मालकीचा हाय. मला बाहेर काढता येत न्हाय."

"मग मी काय सांगू लोकांस्नी? आमची अक्का म्हणती म्हणून इकत न्हाय? आणि रिपोर्ट तर अक्काच्याच लॅबचा?"

मॅडम मला म्हणाल्या, "त्याचं काय चुकलं, सांगा. पंधरा-वीस वर्षं मीच त्याला सांगत आलो, आमच्या लॅबमदनं चुकीचं काय बाहेर जात न्हाय म्हणून. ते माझंच बोलणं त्या बाटलीला चिकटवून इकतंय पोरगं." त्या दिवशी डबा त्यांनी तसाच बंद केला.

पावसाळा संपता संपता शाहूवाडीकडच्या एक बाई खिडकीशी आल्या. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, हातात पाण्यानं भरलेला कॅन आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. मी नमुने न्यायला पुढं आलो होतो, म्हणून हे मी डोळ्यांनी बघितलं. बाईंनी फडकं सोडलं. आत झिंगे होते, एक खेकडा आणि बोटभर लांबीचे मासे. भाताच्या वावराच्या वर त्यांचं शेततळं होतं आणि त्यात त्यांनी मासे सोडले होते.

"आदी पाण्यातलं किडं, झिंगं मेलं," बाई सांगू लागल्या. "मागनं मासं वर आलं. पाण्यात काय हाय ते बघून द्या."

"काय टाकलंतं पाण्यात?" मॅडमनी विचारलं.

बाईंनी पिशवीतून रिकामी बाटली काढली. हिरवं पान. मॅडमनी ती हातातसुद्धा घेतली नाही.

"आता पाणी तपासून काय मिळायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "औषध विरून गेलं असंल. रिपोर्ट चांगलाच येणार. पैसे घालवू नका." मग खिडकीतून पुढं वाकून, नेहमीच्या मोठ्या आवाजात, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं बोलल्या. "हे ताजं ताजं पाण्यात पडलं की बारीक जीव थांबत्यात. मी बघितलंय, दोनदा बघितलंय. कंपनीला म्हाईत हाय, आमच्या साहेबांनाबी म्हाईत हाय. छापलं ते शिळ्या पाण्याचं."

बाईंनी विचारलं, "मग सही कुणी केली?"

"मी केली न्हाय."

"तुमी न्हाय केलीसा. पण केली की कुणीतरी."

बाईंनी रिकामी बाटली परत पिशवीत टाकली.

"आणि बाई, तुमास्नी म्हाईत होतं, तर सांगितलं कुणाला?"

"साहेबांना सांगितलं. वरच्या ऑफिसात सांगितलं."

"साहेबाचं काय तळं हाय व्हय?" बाईंच्या आवाजात राग नव्हता. दमलेल्या होत्या. "आमास्नी सांगायचं की."

  मॅडमनी एक कागद घेतला, त्यावर स्वतःचं पूर्ण नाव आणि घरचा पत्ता लिहिला आणि तो बाईंच्या हातात दिला. "कुणीबी विचारलं तर सांगा, हिनं सांगितलं म्हणून. कुठं यायला लागलं तर मी येतो."

बाईंनी ते नाव सांगितलं. कंपनीच्या माणसालाच सांगितलं, आणखी कुणाला सांगणार? कंपनीनं त्यांच्या तळ्यात नवे मासे सोडून दिले आणि काही तक्रार नाही अशा कागदावर अंगठा घेतला. मॅडमना आठवड्याच्या आत पत्र मिळालं. ग्राहकाची गुप्त माहिती बाहेरच्या व्यक्तीला दिल्याबद्दल सेवा समाप्त. ह्या पत्रातही एकही वाक्य खोटं नव्हतं.

बाईंनी अंगठा दिल्याचं मला आधी कळलं. सांगू की नको असं करत शेवटी मी मॅडमना सांगितलंच. त्या खण आवरत होत्या. म्हणाल्या, "बरं केलं तिनं. माझ्यासाठी तळं मोकळं ठेवून बसायचं व्हय?"

अनुभवाचा दाखला घ्यायला त्या पुन्हा एकदाच आल्या. दाखल्यात लिहिलं होतं, नमुने स्वीकार विभागात काम केले, वर्तणूक समाधानकारक. पिसवांचा विभाग ज्या बाईंनी उभा केला, त्यांच्या दाखल्यात पिसवांचं नाव नाही. मी भांडायला निघालो, तर त्यांनी माझी बाही धरली. "ऱ्हाऊ दे. वर्तणूक समाधानकारक म्हणालेत, तेवढंच मनाला लागलंय," म्हणाल्या. विनोद म्हणून म्हणाल्या असाव्यात. पण हसल्या नाहीत, मीही हसलो नाही.

निपाणीला त्यांची मावशी आहे. भावाचं घर सोडून त्या तिच्याकडं राहायला गेल्या आणि तिथं शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेतात, असं कळलं. फोन केला तर मुलांबद्दल बोलतात, मावशीच्या गुडघ्यांबद्दल बोलतात. मी लॅबचा विषय काढला की म्हणतात, "हॅलो, आवाज येत न्हाय," आणि फोन ठेवतात.

मागच्या महिन्यात एका लग्नाला हातकणंगल्याला गेलो होतो. वाटेत त्यांच्या भावाचं दुकान लागलं. आत जाऊ नये असं वाटत होतं, पण त्यानंच ओळखलं आणि हात धरून आत बसवलं. चहा सांगितला. मी फळीकडं न बघण्याचा प्रयत्न केला, ते त्याच्या लक्षात आलं.

"ठेवायला लागतंय, सर," तो म्हणाला. "मी न्हाय ठेवलं तर समोरचा ठेवतोय. गिऱ्हाईक नाव घेऊन मागतंय." मग हळू आवाजात विचारलं, "तुमी यंत्रावर हुतासा न्हवं? खरंच तेवढं वाईट हाय काय?"

"हो," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. तेवढ्यात एक शेतकरी आला आणि त्यानं बोटानं बाटली दाखवली. भावानं उठून ती फळीवरून काढली, फडक्यानं पुसली, पिशवीत घातली. माझ्याकडं पाठ करूनच बोलत होता.

"अक्का दुकानात यायची असली की सगळ्या बाटल्या आत नेऊन ठेवायचो. पोरास्नीबी सांगून ठेवलंतं, आत्या आली की आदी फळी मोकळी करा." त्यानं गिऱ्हाइकाला पिशवी दिली, रिकाम्या जागेवर मागची बाटली पुढं सरकवली. "पण आता वरीस होत आलं. आत ठेवायची पाळीच आली न्हाय."